नटावरची लाल रेघ

आपली गाडी आपण तपासायची नाही. आमच्या ग्रुपचा हा पहिला नियम, आणि तो मी घातलेला. आपल्या गाडीच्या बाबतीत माणूस स्वतःला लगेच माफ करून टाकतो. 'चालतंय की.' 'मागच्याच आठवड्यात बघितलं होतं.' 'काय होतंय?' या 'काय होतंय'पायी सूतगिरणीत दोघांची बोटं गेलेली मी या डोळ्यांनी बघितली आहेत. छत्तीस वर्षं फिटर होतो तिथं. तोताराम फिरके, मूळचा सावद्याचा, आता जळगावात. ग्रुपमधले सगळे मला नाना म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, आणि म्हणू देत.

आम्ही सहा जण. दर रविवारी सकाळी मोटारसायकली काढायच्या, कधी चोपड्याकडून सातपुड्याच्या पायथ्याला, कधी धुळ्याला. पण शनिवारी संध्याकाळी सहाही गाड्या माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागल्याच पाहिजेत. तिथं चेन धुवायची, तेल द्यायचं, ब्रेक बघायचे, आणि गाड्या रात्रभर तिथंच ठेवायच्या. ज्यानं नट आवळला त्यानं बाजूला व्हायचं. मग दुसऱ्यानं पाना लावून अंगातला जोर काढून ओढायचं. नट हलला नाही तरच त्याच्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारायची, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. मग रस्त्यात पाना काढायला नको. खाली वाकायचं, रेघ सरळ दिसली की निघायचं.

दर चाळीस किलोमीटरवर थांबायचं, चहा प्यायचा, रेघा बघायच्या. गाडी चालू असताना फोन बंद करून बॅगेत. हेही नियम माझेच. बाकी पाचांच्या गाड्या ओढून बघायचं काम माझं, आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या खिशात. माझी गाडी तेवढी आमच्यातला कुंदन बघायचा.

बाटली मूळची डिंपलची. डिंपल माझी सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला फक्त स्कूटी यायची. एक दिवस शेडच्या दारात येऊन म्हणाली, "नाना, मला शिकवता का?" मी म्हटलं, चालवायला नंतर, आधी चाक काढून परत बसवून दाखव. मला वाटलं दोन दिवसांत कंटाळेल. कशाची कंटाळते! तिसऱ्या दिवशी एकटीनं मागचं चाक काढून, पुसून, बसवून, हात धुऊन भाकरी थापायला गेली. चार वर्षांत ग्रुपमध्ये तिच्यासारखा हात कोणाचा झाला नाही. माझ्या पोराचाही नाही. भूपेंद्रला गाडीचं वावडंच आहे. केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे तो, आणि बायको साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन घाटात जाते याचा त्याला घोर असतो. पण तो तिला अडवत नाही. दर शनिवारी शेडच्या दारात येतो आणि एकच विचारतो, "नाना, हिची बघितली ना?"

मी म्हणायचो, "बघितली."

मग तो घरात जाऊन निवांत जेवायचा. माझ्या त्या एका शब्दावर त्यानं कधी दुसरा प्रश्न केला नाही.

आता खरं काय ते सांगतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझा उजवा खांदा धरला. आधी नुसता दुखायचा. मग हात खांद्याच्या वर जाईना. मग ओढायला गेलं की अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी. सुनंदाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं की मान अवघडली आहे. सदरा घालताना आधी उजवा हात घालायचा, आंघोळीची बादली डाव्या हातानं उचलायची, असं सगळं बिनबोभाट चालवलं होतं. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यानं 'पाना बंद' म्हटलं असतं. आणि पाना बंद झाला, तर त्या शेडमध्ये तोताराम फिरके कोण? स्टुलावर बसून चहाला साखर कमी झाली म्हणणारा म्हातारा.

म्हणून तीन शनिवार मी काय केलं, तर पाना नटावर नुसता टेकवला, तोंडानं 'हं' केलं आणि रेघ मारली. ओढलं नाही. ओढताच येत नव्हतं. मनाला सांगायचो, आवळणारे काय कच्चे आहेत? मीच तर शिकवले आहेत. काय होतंय?

बघा, आलाच तो शब्द.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. धुळ्याच्या अलीकडे आमच्या भाईदासचं शेत आहे. भाईदास तिकडच्या ग्रुपचा म्होरक्या. त्यानं तिकडच्या पंधरा पोरी गोळा केल्या होत्या, गाडीची निगा शिकायला, आणि शिकवायला बोलावलं होतं डिंपलला. दुपारी भरिताची पार्टी. आम्ही बाकीचे नऊला निघणार होतो, पण डिंपलला साडेआठला तिथं पोचायचं होतं. म्हणजे ती एकटी जाणार. पहिल्यांदाच, नव्वद किलोमीटर. भूपेंद्र आठवडाभर विचार करत होता. शेवटी म्हणाला, "नाना म्हणत असतील तर जाऊ दे."

मी म्हटलं, "जाऊ दे म्हणजे काय? जाणारच ती. माझी सून आहे."

शनिवारी संध्याकाळी कुंदननं तिच्या गाडीची जुनी चेन काढून नवी घातली. कुंदन पाइपांच्या कारखान्यात मशीनवर आहे, वय अठ्ठावीस, हात चांगला, तोंड जरा जास्त. मागचं चाक बसवलं, चेनचा ताण जमवत होता. मी शेजारी उभा. त्यानं पाना उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, आज ओढून बघायचं कामही मीच करू का? तुमचा हात..."

"माझ्या हाताला काय झालं?"

"नाही, मागच्या शनिवारी मला वाटलं..."

"तुला काय वाटतं ते घरी वाटून घे. ऊठ तिथून!" मी ओरडलो आणि त्याच्या हातातला पाना हिसकावून घेतला. उजव्या हातानं. खांद्यात अशी कळ गेली की ओठ चावून धरावा लागला. कुंदन उठला, हात पुसले, "बरं भो, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि चालता झाला. चिडला होता. चिडू दे, म्हटलं.

मी स्टुलावर बसलो. कळ उतरेना. बसल्या बसल्या घाम आला. आणि नेमका तेव्हाच भूपेंद्र दारात.

"नाना, हिची बघितली ना?"

तो एरवी विचारून निघून जातो. त्या दिवशी उभाच राहिला. त्याच्यासमोर पाना लावला असता आणि हात खाली पडला असता, तर त्यानं डिंपलला जाऊ दिलं नसतं. मी डाव्या हातानं बाटली काढली, झाकण दातांनी फिरवलं आणि मागच्या चाकाच्या नटावर रेघ मारली. वाकडी आली.

"बघितली," मी म्हणालो.

तो जेवायला गेला.

रात्री खांदा शेकत पडलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला शेडमध्ये खुडबुड ऐकू आली. गेले तीन रविवार ती ऐकू यायचीच. डिंपल लवकर उठून चेनला तेल देते, असं मी धरून चाललो होतो. तिला एकदा म्हटलंही होतं, "झोपत नाहीस का गं बापा?" तर हसून म्हणाली, "सवय झाली, नाना."

साडेसहाला, फटफटल्यावर, ती निघाली. मागच्या सीटवर भरिताच्या वांग्यांचं पोतं बांधलेलं, वीस किलो तरी असेल. सुनंदाबाईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. भूपेंद्र फाटकापर्यंत गेला. डिंपलनं फोन बंद केला, बॅगेत टाकला, माझ्याकडे बघून मान हलवली. मला काय मोठा अभिमान वाटला! खरंच सांगतो, छाती भरून आली.

सातला कुंदन आला, आपली गाडी घ्यायला. राग उतरला होता. दारातूनच म्हणाला, "नाना, कालचं सोडा. पण नवी चेन आहे, ताण किती ठेवला तुम्ही?"

"मी कुठं ठेवला? तूच ठेवला ना."

"मी नुसता जमवला होता. नट आवळताना तो पुन्हा बदलतो, म्हणून विचारतोय."

मला काही कळेना. "कोणी आवळताना?"

"तुम्ही."

"मी कशाला आवळू? आवळायचा तू. मी तर फक्त..."

कुंदनचा चेहरा पांढरा पडला. "नाना, नट मी हातानं, नुसत्या बोटांनी फिरवला होता. पाना लावणार, तेवढ्यात पाना तुम्हीच हातातून घेतला ना. ऊठ म्हणालात. मला वाटलं, तुम्हीच आवळून घेणार."

"व माय," एवढंच माझ्या तोंडून निघालं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय असतं, ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. मागच्या चाकाचा नट. बोटांनी फिरवलेला. वर माझी रेघ.

"तुम्ही ओढून बघितला असेल ना?" कुंदन म्हणाला. "नाना? ओढून बघितला ना?"

मी खिशातली बाटली चाचपली. त्यानं हेल्मेट चढवलं. गाडीला किक मारली आणि म्हणाला, "बसा मागं."

तीस वर्षांत मी कोणाच्या मागे बसलो नव्हतो. बसलो. घरात कोणाला सांगितलं नाही. भूपेंद्र पेपर वाचत होता, त्यानं नुसता हात वर केला.

मी फोन लावत होतो. बंद. बंद. पुन्हा बंद. कोणी शिकवलं तिला फोन बंद ठेवायला? मीच. भाईदासला लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आम्ही पाळधी ओलांडली होती. वाऱ्यात ओरडून सांगितलं, "तिच्या मागच्या चाकाचा नट ढिला आहे. तू तिकडून पारोळ्याकडे नीघ. समोरच्या बाजूनं बघत ये. दिसली की थांबव."

"ढिला? नाना, तुम्ही तपासेल शे ना?"

"नीघ तू!" मी ओरडलो आणि फोन ठेवला.

कुंदन ऐंशी-नव्वदच्या खाली येत नव्हता. चौपदरी रस्ता मोकळा होता, कापसाचे दोन-चार ट्रक तेवढे. माझं डोकं थांबत नव्हतं. नट फिरत फिरत बाहेर येणार. मग एक्सल, म्हणजे चाकाचा आस, सरकणार. चाक तिरकं होणार, चेन उतरून अडकणार, किंवा उतरून चाकात जाणार. साठच्या वेगात. मागे वीस किलोचं ओझं. आणि मागून येणारा ट्रक. हे सगळं मी पोरांना शेडमध्ये कितीदा सांगितलं होतं, बोट नाचवून नाचवून. आता प्रत्येक पुलाजवळ, प्रत्येक वळणावर, रस्त्याच्या कडेला काही काळं पडलेलं दिसलं की मी सीटवरून वाकून बघायचो. एकदा टायरचा तुकडा निघाला. एकदा मेलेलं कुत्रं.

"ती चाळीसला थांबेल," कुंदन मागे मान वळवून म्हणाला. "एरंडोलच्या पुढं आपलं चहाचं हॉटेल. ती नियम मोडत नाही, नाना."

बरोबर होतं. ती थांबेलच. वीस मिनिटं तरी बसेल. मी देवाला हात जोडत नाही फारसा, पण त्या दिवशी एरंडोलपर्यंत मनातल्या मनात जोडूनच बसलो होतो, कारण कुंदनला धरायला डावा एकच हात पुरत होता.

हॉटेलवर पोचलो तेव्हा बाहेर एकही गाडी नव्हती.

हॉटेलवाला निंबा आम्हाला ओळखतो. कढई उतरवत होता. मी गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडलो, "आमची सून आली होती का?"

"आली होती ना. आत्ताच गेली, दहा मिनिटं झाली असतील."

"गाडी बघितली का तिनं?"

"बघितली ना, तुमची नेहमीची ती रेघ." निंबा हसला. "खाली वाकून मागच्या चाकाची बघितली. मला म्हणे, निंबा भाऊ, आज नानांची रेघ वाकडी आली. मी म्हटलं, नानांचा हात थरथरला वाटतं. तर म्हणे, वाकडी असली तरी नानांची आहे. चहा प्याली आणि गेली."

म्हणजे रेघ तुटली नव्हती. त्या नेलपॉलिशनंच नट तेवढा धरून ठेवला असेल. वाकून बघायचं, रेघ दिसली की निघायचं. तिनं अगदी तेच केलं, जे मी शिकवलं होतं. एक साधा पाना लावला असता, नुसतं बोट लावलं असतं, तरी कळलं असतं. पण माझी रेघ असताना पाना कशाला लावायचा?

मला तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडावंसं वाटलं. निंबा विचारत होता, काय झालं, काय झालं. कुंदननं मला दंडाला धरून गाडीवर बसवलं, आणि धरलं तोच नेमका उजवा दंड. मी किंचाळलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"कधीपासून, नाना?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे आमच्या सगळ्यांच्या गाड्या..."  त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पारोळा मागे टाकलं. आता तो शंभरवर गेला. मी 'हळू' म्हणालो नाही, आणि एरवी ते म्हटल्याशिवाय मी कोणाला सोडलं नव्हतं. मुकटीच्या अलीकडे आमच्या बाजूची वाहतूक थांबलेली दिसली. एक ट्रॅक्टर आडवा, दोन ट्रक थांबलेले, आणि माणसं.

आणि वांगी. हिरवी, मोठी, भरिताची वांगी डांबरावर शंभर-दीडशे फूट पसरली होती. काही ट्रकच्या चाकाखाली चिरडलेली.  गाडी थांबली तरी मला उतरता येईना. कुंदन पळत पुढे गेला. मी तसाच बसून राहिलो. पुढे जायची हिंमत नव्हती हो. सरळ सांगतो, नव्हती.

गर्दीतून भाईदास आला. धापा टाकत होता. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला, नशिबानं डाव्या. "पोर नीट शे, नाना. घाबरू नका. बठ्ठं नीट शे."

सगळं नीट आहे, हे ऐकलं तेव्हा मी उतरलो.

डिंपल दुभाजकाला टेकून बसली होती. हेल्मेट मांडीवर, त्याची एक बाजू पूर्ण खरवडलेली. जॅकेटची बाही फाटून कोपरातून रक्त येत होतं. डावं मनगट तिनं उजव्या हातात धरलं होतं आणि ते सुजून पावासारखं झालं होतं. ट्रॅक्टरवाला सांगत होता, "पोरीनं काय सांभाळली गाडी! मागची बाजू अशी नागमोडी व्हायला लागली, तर एकदम ब्रेक नाही मारला. हळूहळू कडेला घेत आणली. मग चाकच फिरायचं थांबलं आणि आडवी झाली. मागं ट्रक होता. पण तो लांब होता म्हणून."

चालवायला मीच शिकवलं होतं तिला, मागचं चाक हललं तर ब्रेकला हात लावू नको म्हणून. पण त्या वेळी मला त्याचा काडीचा अभिमान वाटला नाही.

गाडी कडेला आडवी पडली होती. मागचं चाक तिरकं, चेन गुंतलेली. एक्सलच्या टोकाला नट नव्हताच. लोखंडावरची अर्धी रेघ तेवढी तिथं होती, वाकडी.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं, "डिंपल, माझा हात चालत नाही. तीन आठवडे झाले. काल मी पाना लावलाच नाही. नुसती रेघ मारली."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा घामानं आणि धुळीनं भरला होता.

"हात चालत नाही ते माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"नाना, घरात राहते ना मी. तुम्ही ताट डाव्या हातानं उचलता. सदरा घालताना भिंतीकडे तोंड करता. पहिल्या रविवारी पहाटे मी कुंदनच्या गाडीला पाना लावून बघितला, तर नट पाव फेरा फिरला. मी आवळला, रेघ पुसून माझ्या दुसऱ्या बाटलीनं नवी मारली. तेव्हापासून दर रविवारी पहाटे उठते. चौघांच्या गाड्या बघते. आजही निघायच्या आधी बघून आले."

कुंदन उभा होता तिथंच खाली बसला. त्या चौघांत त्याचीही गाडी होती. पहाटेची खुडबुड मला आत्ता कळली.

"मग मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही शेडमध्ये पाय ठेवला असता का?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं की कशाचं ते कळेना. "म्हटलं, होईल बरा खांदा. तोवर कोणाचं काही होऊ नये, एवढंच बघायचं."

मी मोठ्या मुश्किलीनं विचारलं, "आणि तुझी गाडी? तुझीला का नाही पाना लावलास?"

"आपली आपण तपासायची नाही ना, नाना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मला वाटायचं, बाकीच्यांच्या राहत असतील, पण माझ्या गाडीला तुम्ही दुखलं तरी ओढत असाल."

 तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

भाईदासनं जीप आणली. धुळ्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. कुंदन तिची बॅग उचलून आणत होता. तिनं त्यातून फोन काढायला लावला आणि चालू केला, आणि चालू होताच तो वाजला. भूपेंद्र. हॉटेलवाल्या निंबानं घरी फोन केला होता, नाना घाबरेघुबरे होऊन गेले म्हणून.

डिंपलनं उजव्या हातानं फोन कानाला लावला. "हो, मी बरी आहे... अहो, खरंच बरी आहे. जरा घसरले... नाही नाही, गाडीला काही नव्हतं झालं. खड्डा आला एकदम." माझ्याकडे न बघता तिनं ते म्हटलं. फोनमधून भूपेंद्रचा आवाज मला ऐकू येत होता. तो रडत होता. मध्येच म्हणाला, "नानांनी बघितली होती ना गाडी?"

"बघितली होती," डिंपल म्हणाली.

मी डाव्या हातानं तिच्या कानाजवळचा फोन घेतला. ती 'नाना, नको' म्हणाली.

"भूपेंद्र, खड्डा नव्हता," मी म्हणालो. "चाकाचा नट गेला. मी काल बघितलाच नव्हता. तू समोर उभा होतास म्हणून रेघ मारली. तीन आठवडे मी कोणाचीच गाडी बघितली नाही. माझा खांदा गेला आहे."

 पलीकडे मागून सुनंदाबाई 'काय झालं रे' विचारत होती.

"मग बाकीच्यांच्या गाड्या?" त्यानं विचारलं.

"त्या डिंपल बघत होती. पहाटे उठून."

"आणि तिची कोणी बघायची होती, नाना?"

ट्रॅक्टरवाला रस्त्यावरची वांगी गोळा करून पोत्यात टाकत होता. डिंपल माझ्याकडे बघत होती.

"मी," म्हणालो.